शेजारच्या खुर्चीला निरोप

सदर इसम पुरुष असून वय वर्षे अठ्ठावन्न, उंची मध्यम, बांधा पूर्वी भरीव, हल्ली उरेल तेवढा. व्यवसाय केशकर्तन व दाढी. ओळखीच्या खुणा : पोटावर टाक्यांची उभी रेघ, डाव्या कुशीवर आडवी. शरीराच्या निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या काळी उद्भवलेले, परस्परांशी कोणतेही नाते नसलेले कर्करोग : दोन, तिसरा विचाराधीन. नातेवाईक : पत्नी एक, विवाहित मुलगी एक, सख्खा धाकटा भाऊ एक. पैकी भावाशी बोलणे : बंद. भावाचा ठावठिकाणा : शेजारची खुर्ची.

हे वर्णन कुठल्या कचेरीने लिहून ठेवलेलं नाही. ठेवलं असतं तर त्यातला एकही शब्द खोडावा लागला नसता.

दुकान लांबट होतं. दाराशी थोरल्याची खुर्ची, आत धाकट्याची. दोन्ही खुर्च्यांसमोर एकच लांब आरसा, त्यामुळे मान न वळवताही एकाला दुसरा दिसे. भावांना थोरला आणि धाकटा म्हणत, कारण वडिलांच्या वेळेपासून गिऱ्हाईक दारातूनच विचारायचं, "थोरला मोकळा आहे का धाकटा?" थोरला हळू हाताचा आणि बडबड्या, धाकटा झटपट आणि मुका. म्हणजे निदान थोरल्याच्या बाबतीत तरी मुका.

अबोला धरून दहाएक वर्षं झाली असावीत. पण दुकान चालवायचं तर काहीबाही बोलावं लागतंच, आणि ते खुर्चीतल्या गिऱ्हाइकामार्फत होई. धाकटा आरशाकडे बघत आपल्या गिऱ्हाइकाला म्हणे, "त्याला विचारा, तुरटी कुठे ठेवली." गिऱ्हाईक गळ्याशी बांधलेल्या कापडातून मान वळवून विचारी, "तुरटी कुठे ठेवली म्हणतोय." थोरला म्हणे, "सांगा त्याला, डोळ्यांसमोर आहे. डोळे असतील तर दिसेल." गिऱ्हाईक एवढंच सांगे, "समोर आहे." नवखं गिऱ्हाईक बावरून जाई. जुन्यांना सवय झाली होती. काहींना तर निरोप पोचवल्याशिवाय दाढी झाल्यासारखी वाटत नसे.

एक गोष्ट मात्र अबोल्याच्या कक्षेबाहेर होती. न्हाव्याला स्वतःचे केस कापता येत नाहीत. रस्त्यापलीकडे दुसरं दुकान होतं, पण त्या दुकानात जाऊन मान खाली घालण्यापेक्षा दोघांनी जटा वाढवल्या असत्या. तेव्हा महिन्यातून एकदा, दुकान आवरल्यावर, थोरला धाकट्याच्या खुर्चीत बसे आणि मग धाकटा थोरल्याच्या. कात्रीखेरीज कशाचा आवाज होत नसे. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्या हातातल्या वस्तऱ्याखाली मान द्यायला दोघांनाही काही वाटत नसे. याचं आश्चर्य फक्त गिऱ्हाइकांना.

अबोल्याचं कारण रस्त्यावर प्रत्येकाला वेगळं ठाऊक होतं. कुणी म्हणे पंख्याच्या दिशेवरून, कुणी म्हणे धाकट्याने थोरल्याची कात्री कागद कापायला वापरली म्हणून. खरं कारण दोघांखेरीज घरच्यांनाच माहीत होतं. आई आजारी पडली तेव्हा धाकट्याचं म्हणणं होतं की तिला आता घरीच राहू द्यावं. थोरल्याने तिला "नुसती तपासणी आहे गं" म्हणून इस्पितळात नेलं, सह्या केल्या, आणि ऑपरेशन झालं. गर्भाशयाचा कॅन्सर होता. आई इस्पितळातून परत आलीच नाही. दिवसकार्य आटपल्यावर धाकट्याने दुकानात येऊन कात्र्या पुसल्या आणि त्या दिवशीच्या पहिल्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "त्याला सांगा, माझ्याशी बोलू नको."

त्यानंतर दोन वर्षांनी थोरल्याचं आतडं कापावं लागलं. उजवीकडची गाठ, कॅन्सरची. थोरला सलाइनला टांगलेला असताना धाकट्याने त्याच्या खुर्चीवर चादर घातली आणि गर्दीच्या दिवशीही कुणाला तीत बसू दिलं नाही. भेटायला मात्र गेला नाही.

काही वर्षांनी लघवीतून रक्त गेलं तेव्हा घरात सुतकी कळा आली. सगळ्यांनी गृहीत धरलं की जुनाच पसरला. बायकोने इस्पितळाच्या बाकावर बसून डॉक्टरांना थेट विचारलं, "तोच ना?"

"तो नव्हे," डॉक्टर म्हणाले. "हा वेगळा आहे. मूत्रपिंडाच्या नळीतला. आतड्याचा याच्याशी काही संबंध नाही."

बायकोने पदराने तोंड पुसलं. "म्हणजे नवीन आहे?"

"हो."

"मग बरं झालं."

डॉक्टरांना हे ऐकायची सवय नसावी. पण घरी तीच बातमी गेली आणि तशीच घेतली गेली. मुलगी फोनवर रडता रडता थांबून म्हणाली, "अगं, पसरलेला नाही ना? मग देवच पावला." शेजारीण म्हणाली, "नवा म्हणजे चांगलंच की." नव्या कॅन्सरबद्दल एखाद्याचं अभिनंदन होऊ शकतं हे थोरल्याला तेव्हा कळलं, आणि डावं मूत्रपिंड गमावून, एका कुशीवर झोपायला शिकून, तो पुन्हा दाराशेजारच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. बडबड सुरू केली. गिऱ्हाइकांना सांगे, "दोन आले, दोन गेले. माझ्याकडे काही टिकत नाही."

तिसऱ्याची खबर वकिलामार्फत आली.

हे वकील दिवसाआड दाढीला येत आणि आत, धाकट्याच्या खुर्चीत बसत. निरोप पोचवण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. शब्द ते आपल्या धंद्याप्रमाणे निवडत. शिव्या गाळत, मुद्दा ठेवत. त्या सकाळी धाकट्याने त्यांच्या गालाला साबण लावला, ब्रश भांड्यात टेकवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"वकीलसाहेब, त्याला सांगा. डाव्या कानामागे पिवळट पुटकुळी आहे. काल केस कापताना दिसली. मागच्या खेपेला नव्हती."

वकील थोरल्याकडे वळले. "प्रतिपक्षाचं म्हणणं, तुमच्या डाव्या कानामागे पुटकुळी आहे. नव्याने उपस्थित झालेली."

"सांगा त्याला, डास चावला असेल."

"डास, असं उत्तर आहे."

"त्याला सांगा, डास एवढा वेळ बसत नाही." धाकट्याने ब्रश उचलला. "आणि दाखवून ये म्हणावं."

थोरला दोन आठवडे गेला नाही. मग गेला. पुटकुळी काढली, तपासायला पाठवली, आणि त्याला एका वेगळ्या दारासमोर बसवण्यात आलं. आत डॉक्टरीणबाई होत्या, त्याच्या मुलीच्या वयाच्या. समोर त्याच्या तीन रिपोर्टांची चळत होती.

"हाही वेगळाच आहे," त्या म्हणाल्या. "त्वचेतल्या तेलाच्या ग्रंथीचा. लवकर सापडला, पूर्ण निघालाय. कुणी बघितला?"

"भावाने."

"तुमच्या आईला काय झालं होतं?"

त्याने सांगितलं.

"आईकडे आणखी कुणाला?"

"मामाचं पोट नाजूक होतं. आजोबांचंही. आईकडची पोटं नाजूकच."

"नाजूक म्हणजे?"

थोरल्याने आठवून बघितलं. "मामाच्या आतड्यात गाठ होती. पण घरात नाजूकच म्हणायचे."

बाईंनी पेन खाली ठेवलं. शरीरातल्या पेशींची सतत नक्कल होत असते, त्या म्हणाल्या, आणि नक्कल करताना चुका होतात. सगळ्यांच्याच होतात. त्या चुका हुडकून दुरुस्त करणारे कारागीर शरीरातच असतात. "तुमच्या घराण्यात त्यातला एक कारागीर नीट काम करत नाही. जन्मापासून. म्हणून एक पसरून तीन झालेले नाहीत. तिन्ही आपापले आलेत. रक्त तपासून खात्री करू, पण मला फारशी शंका नाही."

"म्हणजे चौथाही येईल?"

"येऊ शकतो. म्हणून तुम्हाला दरवर्षी बघत राहायचं. तुमच्या मुलीलाही सांगावं लागेल. आणि भावाला. हा दोष त्यांच्यात असण्याची आठ आणे शक्यता. त्यांनी कधी आतड्याची तपासणी केलीय?"

"त्याने कधी डोकं दुखल्याची गोळी घेतलेली नाही."

"दुर्बीण घालून बघतात. कॅन्सर व्हायच्या आधी नुसत्या लहान गाठी असतात, त्या तिथल्या तिथे काढता येतात. झाल्यावर मग..." त्यांनी त्याच्या पोटाकडे बघितलं आणि वाक्य सोडून दिलं. "त्यांना या महिन्यात घेऊन या."

"आम्ही बोलत नाही."

"फोन करा मग."

"शेजारच्या खुर्चीवर असतो," थोरला म्हणाला.

आता निरोप कुणाबरोबर धाडायचा, हा प्रश्न आला. तुरटीचा निरोप कुणीही नेतो. या निरोपाला माणूस पारखून घ्यायला हवा होता. सकाळी धाकट्याच्या खुर्चीत बहिरे पेन्शनर होते. त्यांना सांगायचं तर रस्त्यालाच सांगितल्यासारखं. त्यांच्यामागून फुलवाला आला. त्याच्या पोटात चहा राहत नसे, मग गोष्ट काय राहणार. दुपारी एक शाळकरी पोरगा होता, तो उगाच घाबरला असता. एक विमा एजंट आला, त्याला बघून तर थोरल्याने हातातल्या गिऱ्हाइकाचे कल्ले दोनदा सारखे केले आणि तोंडच उघडलं नाही. दिवसभर बडबड्या थोरला गप्प होता, तेव्हा धाकट्याने आपणहून विचारायला लावलं, "त्याला विचारा, दात दुखतोय का."

वकील दुसऱ्या दिवशी आले. थोरल्याने आपल्या खुर्चीत कुणाला बसवलं नाही. ब्रश धुवायच्या निमित्ताने वकिलांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"वकीलसाहेब, सांगा त्याला. कानामागची ती गोष्ट कॅन्सर निघाली. काढली, आता काही नाही. पण डॉक्टर म्हणतात हे आईकडून आलंय. त्याच्यातही असू शकतं. त्याने एकदा तपासून घ्यावं."

वकिलांच्या तोंडाला फेस होता. त्यांनी तो बोटाने ओठांवरून पुसला. आयुष्यभर त्यांनी निरोपांतले काटे काढून दिले होते. यात काढण्यासारखं काही सापडेना.

"ऐकलंत ना?" ते धाकट्याला म्हणाले.

धाकट्याचा वस्तरा वकिलांच्या गळ्याशी थांबला होता. आरशात तो वकिलांकडे बघत होता की त्यांच्या डोक्यावरून मागे, ते सांगता येत नव्हतं.

"त्याला सांगा," तो म्हणाला, "आईलाही तपासणीच म्हणाला होता."

वकील अगदी हळू म्हणाले, "हे मी पोचवणार नाही, बाबा. तो इथेच उभा आहे."

दाढी पुरी झाली. त्या दिवशी वकिलांना दोन ठिकाणी कापलं. धाकट्याच्या हातून असं कधी झालं नव्हतं, आणि वकिलांनी तुरटी लावून घेतली.

थोरल्याने घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही सरळ बोलत का नाही?"

"काय बोलू?"

"मला काय विचारता? जीभ तुमची, भाऊ तुमचा. पण तुमच्यासारखं कापून घ्यायची पाळी त्याच्यावर आली, तर मग त्याच्या खुर्चीवर चादर घालायला तुम्हीच जाल. तेवढं तुम्हा दोघांना येतं."

महिनाअखेर आली. दुकान आवरलं, शटर अर्धं ओढलं. आधी धाकट्याने थोरल्याचे केस कापले. कानामागची नवी खूण टाळून, कात्री आडवी धरून. मग धाकटा थोरल्याच्या खुर्चीत बसला. थोरल्याने त्याच्या गळ्याभोवती कापड बांधलं, पाणी मारलं, उजव्या बाजूने सुरुवात केली. धाकट्याचे केस आईसारखे होते, दाट आणि मानेशी भोवरा असलेले. उजवी बाजू झाली. टाळूपर्यंत आला आणि त्याचा हात थांबला.

पुढे रस्त्यावर या थांबण्याला डावपेच म्हणण्यात आलं. अर्धं डोकं ओलीस धरून थोरल्याने भावाला नमवलं, असं फुलवाला आजही सांगतो. तसं काही नव्हतं. हात थांबला, एवढंच. फणी केसांत अडकलेली होती, आणि कात्री मिटता येत नव्हती.

मान खाली घातलेल्या धाकट्याने थोडा वेळ वाट बघितली. दुकानात विचारायला कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

"आईला मी विचारलं नाही," थोरला म्हणाला. "विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर ती नको म्हणाली असती, म्हणून विचारलं नाही. तुला विचारतोय. नको म्हणालास तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

धाकटा उठला. कापड सोडलं, झटकलं, घडी घालून खुर्चीच्या पाठीवर ठेवलं. मग अर्ध्या शटरखालून वाकून बाहेर पडला, उजवीकडून कापलेला आणि डावीकडून झुडपासारखा.

दुसऱ्या दिवशी तो त्याच डोक्याने दुकानात आला. टोपी नाही, काही नाही. ज्या माणसाचं आयुष्य दुसऱ्यांची डोकी सारखी करण्यात गेलं, तो स्वतः एका कल्ल्याने उभा. पेन्शनरांनी ओरडून विचारलं, "हे काय नवीन?" तो म्हणाला, "मान सरळ ठेवा." फुलवाला मुद्दाम दोनदा येऊन गेला. पलीकडच्या दुकानातला न्हावी पायरीवर उभा राहून बघत होता आणि कात्री हवेत चालवून दाखवत होता. धाकट्याने त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. थोरला तर आरशात बघायचंच टाळत होता, आणि न्हाव्याला आरसा टाळून काम करणं किती कठीण हे त्या दिवशीच्या त्याच्या गिऱ्हाइकांच्या भांगावरून दिसलं असतं.

वकिलांचा दिवस उजाडला. ते दारात थबकले, धाकट्याचं डोकं बघितलं, थोरल्याकडे बघितलं, आणि माणसाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात शिरावं तसे जाऊन खुर्चीत बसले. साबण लागला. एक गाल झाला. दुसरा होत आला.

"वकीलसाहेब," धाकटा म्हणाला, "त्याला विचारा, उपाशीपोटी जावं लागतं का."

वकिलांनी आरशातून थोरल्याकडे बघितलं. थोरल्याच्या हातातली फणी खाली पडली. ती त्याने उचलली, पुसली.

"सांगा त्याला," तो म्हणाला, "आदल्या दिवशी नुसतं पातळ घ्यायचं. संध्याकाळी औषध देतात, तांब्याभर. ते प्यायचं आणि मग घरात एकच संडास असेल तर बाकीच्यांना बाहेर काढायचं."

"आदल्या दिवशी पातळ," वकील म्हणाले, "आणि संडासावर एकाधिकार."

"त्याला विचारा, दुखतं का."

"सांगा, गुंगी देतात. कळतही नाही."

"त्याला सांगा," धाकटा वकिलांच्या हनुवटीखाली वस्तरा फिरवत म्हणाला, "पुन्हा आईसारखं थाप मारत असेल तर बघून घेईन."

"थाप नाही म्हणावं. मला दरवर्षी करतात."

संडासापुढचं वकिलांनी काहीच पोचवलं नाही, नुसते डोळे मिटून पडून राहिले. दाढी झाल्यावर उठले, आरशात दोन्ही गाल चाचपले, आणि निघताना कुणा एकाला उद्देशून नव्हे असं म्हणाले, "माझी फी राहिली."

ते गेल्यावर धाकटा येऊन थोरल्याच्या खुर्चीत बसला. थोरल्याने डावी बाजू कापली.

इस्पितळात थोरला बाहेरच्या बाकावर बसला. आतापर्यंत तो कायम आत असायचा. बाहेर बसणं अधिक वाईट असतं हे त्याला नवीनच कळत होतं. बायको शेजारी होती. तिला त्याने विचारलं, "तू प्रत्येक वेळी इथे काय करायचीस?" ती म्हणाली, "भिंतीवरच्या पाट्या वाचायची. सगळ्या पाठ आहेत." त्यानेही वाचल्या. मग डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तीन बोटं वर केली, म्हणाल्या, "तीन होत्या. काढल्यात. एक मोठी आहे, ती तपासायला हवी. आठवड्याने या."

आठवड्याने थोरला एकटाच गेला आणि कागद घेऊन आला. दुकानात दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या. त्याने कागद धाकट्याच्या आरशाखालच्या फळीवर, साबणाच्या भांड्याशेजारी ठेवला आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला. कागदावर लिहिलं होतं : सदर रुग्णाच्या मोठ्या आतड्यात तीन वाढी आढळून आल्या. तिन्ही समूळ काढण्यात आल्या. पैकी सर्वांत मोठ्या वाढीत कर्करोगपूर्व बदल दिसून येतात. कर्करोग आढळून आला नाही. रक्तामध्ये कौटुंबिक दोष आढळून आला. रुग्णाने दरवर्षी फेरतपासणी करून घेणे बंधनकारक आहे.

धाकट्याचं वाचून होईपर्यंत गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण वाळला. तो पुन्हा लावावा लागला.